ताईची साखर

२ सप्टेंबर, सोमवार

बोट काढणार म्हणे! उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं. डॉक्टर इतक्या सहज म्हणाले, जणू चुकलेला टाका उसवायचाय.

“सहा आठवडे बघू. साखर खाली आली तर जखम भरेल. नाही आली तर बोट ठेवून चालणार नाही. सडणं वर चढत जातं.”

यावर ताईने काय विचारावं? “मशीन चालवता येईल ना?” साठीला आलेली बाई, पायाला वास येतोय, आणि हिला शिलाई मशीनच्या पायडलची पडलीय!

दोन महिने मोज्यात लपवला पाय. दोन महिने! घरात आम्ही दोघीच. एका टेबलावर जेवतो. मला दिसलं नाही, की मी बघितलं नाही? – हे नंतर. आत्ता नुसता राग आलाय. डॉक्टरांचा, तिचा, मोज्यांचासुद्धा.

घरातली साखर आजपासून बंद. तिची आणि माझीही.

३ सप्टेंबर, मंगळवार

साखरेची बरणी नळाखाली उपडी केली. जॅम, मध, बिस्किटं समोरच्या काकूंना देऊन टाकली. मग उरलेल्या एकेका पाकिटावरचा घटकांचा रकाना वाचत बसले. सॉसमध्ये साखर. पावात साखर. खारी म्हणून विकतात त्या बिस्किटांतही साखर! लाज नाही वाटत यांना?

आणि मला? माझं पोट त्याच रकान्यांवर चालतं. वेष्टनांच्या छापखान्यात अठरा वर्षं तपासनीस आहे – डब्यांवरचा, पाकिटांवरचा बारीक मजकूर मूळ प्रतीशी ताडून बघायचा आणि ‘छापा’ म्हणून सही करायची. अठरा वर्षांत माझ्या टेबलावरून एक चूक बाहेर गेली नाही. पण घरातल्या एका पाकिटाचा रकाना कधी वाचला नव्हता.

ताई स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी. “फौजदार, मीठ तरी ठेवशील ना?”

हसले नाही. हसायला हवं होतं बहुतेक.

५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी उपाशीपोटी २१४.

बिनसाखरेचा चहा. ताई एक घोट घेते आणि कप असा खाली ठेवते, जणू माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवतेय. माझं डोकं काल दुपारपासून ठणकतंय. साखर सोडली की चिडचिड होते म्हणे. आमची मैना म्हणाली, “तुझ्यात फरक कळणार कसा पण?” मैना म्हणजे माझ्यासमोर बसणारी दुसरी तपासनीस, तोंड अखंड चालू, म्हणून हे नाव.

८ सप्टेंबर, रविवार

२०६.

काकू केक घेऊन आल्या! सगळं माहीत असून! “अगं, घासभर आहे. एवढ्याने काय होतंय?” एवढ्याने काय होतंय हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एवढ्याने बोट जातं, काकू. बशी दारातूनच परत पाठवली.

“तुमच्याकडे यायचं म्हणजे आता झडती देऊनच यायचं,” त्या जिन्यात म्हणाल्या. मला ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

मागाहून ताई म्हणाली, “नातीचा वाढदिवस होता तिच्या.”

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी केक परतच पाठवला असता. मग काय बिघडलं? – बिघडलं. ते मला कळतंय, आणि कळूनही उद्या जाऊन माफी मागणार नाही, हेही कळतंय.

१० सप्टेंबर, मंगळवार

१९८! पहिल्यांदा दोनशेच्या खाली. ताईला म्हटलं, बघ, होतंय की नाही. तिने डाव्या हाताने स्वतःचीच पाठ थोपटली.

डॉक्टरांचं म्हणणं, अशक्तपणा आहे, जखम भरायला प्रथिनं वाढवा. आणि नेमका आज आमच्याकडे प्रथिनांच्या पावडरीचा डबा छपाईला! ‘साखर घातलेली नाही’ असं पुढच्या बाजूला ठळक. लेबल मीच तपासून सोडलं. कंपनीने पाठवलेले नमुन्याचे दोन डबे घरी आणले. सकाळ-संध्याकाळ कोमट दुधातून दोन-दोन चमचे.

निदान एका डब्याची तरी मला खात्री आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

२२३.

का?

१५ सप्टेंबर, रविवार

२३१. काल २२७. परवा २२९.

ताईला विचारलं. ती म्हणाली, “तू देतेस तेवढंच खाते.” आवाज अगदी सरळ. इतका सरळ की संशय यावा. दोन महिने पाय लपवताना हाच आवाज होता – ‘काही नाही गं, चप्पल लागली.’

दादाचा फोन. सहा महिन्यांतून एकदा करतो आणि दहा मिनिटांत सगळ्यांना सल्ले वाटून मोकळा होतो. “चोरून खात असेल. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी होतात. जरा लक्ष ठेव.”

लक्ष ठेव! साडेआठला घर सोडते, साडेसहाला परत येते. मधले दहा तास मी लक्ष कुठे टांगून ठेवू?

पण तो म्हणाला ते डोक्यात राहिलं. ताई म्हातारी नाही. लहान मूल तर कधीच नव्हती. बाबा गेले तेव्हा ती एकवीस वर्षांची, मी आठची. लोकांच्या पडद्यांना आणि परकरांना टाके घालून तिने मला पदवीपर्यंत शिकवलं. तरी ते वाक्य डोक्यात राहिलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

दारावर पाटी लावली. ताईकडे कपडे द्यायला येणाऱ्या बायका काही ना काही हातात घेऊन येतात, म्हणून. ‘कृपया येथे गोड पदार्थ आणू नयेत. आणल्यास स्वीकारले जाणार नाहीत.’

लावण्याआधी सवयीने तपासली. उलटी. आमची रीतच ती – शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे यायचं, एकेक शब्द सुटा सुटा. सुलट वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की नजर चुकांवरून घसरत जाते. ‘नाहीत. जाणार. स्वीकारले. आणल्यास.’ एकही चूक नाही.

ताईने पाटी बघितली. “खाली माझा फोटो पण लाव. ‘हिच्यापासून सावध राहा.’”

पायाची पट्टी बदलायला गेलो. जखमेची कड काळी पडत चाललीय.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

साहेबांच्या निवृत्तीचा केक होता. सगळ्यांसमोर ‘नको, मी सोडलंय’ म्हटलं. मग सगळे पांगल्यावर कागदाच्या रिळांमागे उभी राहून दोन तुकडे खाल्ले. दोन. बोटांना लागलेलं क्रीमसुद्धा. चूळ भरली, आरशात दात बघितले.

घरी आल्याबरोबर ताईला पहिलं वाक्य: “आज काय काय खाल्लंस?”

२१ सप्टेंबर, शनिवार

२३४. आणि तिच्या शिवणाच्या टोपलीत, रिळांच्या खाली – चॉकलेटचा कागद!

माझा स्वतःवर ताबा राहिला नाही. हे मी बचाव म्हणून लिहीत नाही. टोपली तिच्या समोर टेबलावर उपडी केली. सुया, बटणं, मापाची टेप, सगळं घरभर.

“हे काय आहे?”

“गिऱ्हाइकाच्या पोरीने टाकलं असेल. फ्रॉकचं माप द्यायला आली होती.”

“खोटं.”

“बरं.”

“बरं काय? बोट कापतील! मग चढव पाय पायडलवर!”

“ओरडू नकोस. शेजारी ऐकतात.”

“ऐकू देत! दोन महिने खोटं बोललीस, आता पण बोलतेयस. एकदा खरं सांग. एकदाच!”

किती वेळ चाललं माहीत नाही. मी तीच चार वाक्यं फिरवून फिरवून बोलत होते. ताई खाली वाकून बटणं गोळा करत होती, एकेक. मग तशीच वाकलेली, वर न बघता म्हणाली, “खाल्लं. तू गेलीस की दुपारी खाते. झालं?”

“किती?”

“तुला किती लिहायचंय? तेवढं लिही.”

लिहिलं. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत: ‘दुपारी चॉकलेटं, रोज दोन-तीन, कबूल.’

जिंकल्यासारखं वाटलं. अर्धा तास.

२४ सप्टेंबर, मंगळवार

२२८. कबूल करूनही! म्हणजे अजून चालूच आहे. कुठून आणते?

काकूंच्या दारात गेले. केकची माफी मागितली – काम होतं म्हणून मागितली, हेही लिहून ठेवते. दुपारी बाराला ताईकडे येऊन बसाल का, म्हटलं. बसाल म्हणजे, बघाल का. काकूंना कळलं. त्यांचे डोळे चमकले. नात शाळेत जाते, दुपार त्यांना खायला उठते. “तू निर्धास्त जा. माझ्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.”

२७ सप्टेंबर, शुक्रवार

२३०. काकूंचा अहवाल: “काही खाल्लं नाही बाई. तुझ्या पावडरीचं दूध तेवढं घेतलं, सकाळचं उरलेलं. माझ्याशी बोलली पण नाही. नुसती मशीन चालवत होती.”

डॉक्टर वही चाळून म्हणाले, “सतरा दिवस उरलेत. ताई, तुम्हाला बोट हवंय की चॉकलेट?”

ताई त्यांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत राहिली. मी डॉक्टरांच्या बाजूला बसले होते. खुर्ची तिथे होती म्हणून. पण बसले होते.

३० सप्टेंबर, सोमवार

क्रमाने लिहिते.

सकाळी माझ्या हातून एक चूक सुटली. अठरा वर्षांत पहिली. ‘ग्रॅम’चा ‘ग्रम’ झालेला, तसाच पुढे गेला. नशिबाने मैनाच्या नजरेला पडला. ती म्हणाली, “तुझं डोकं ठिकाणावर नाही. आज मी वाचते, तू ऐक. मूळ प्रत हातात धर.”

पावडरीचा तोच डबा. नवं चित्र टाकलंय, म्हणून सगळा मजकूर पुन्हा तपासायचा. दोघी मिळून तपासताना मैना मोठ्याने वाचते आणि मोठ्याने वाचताना कोणीच उलटं वाचत नाही. बातम्या दिल्यासारखी वाचत होती ती. “घटक. माल्टोडेक्स्ट्रिन. खजुराची भुकटी. दुधाची भुकटी. सोयाबीनची प्रथिनं…”

मी म्हटलं, थांब.

“चूक?”

“नाही. परत वाच.”

घटक वजनाच्या क्रमाने लिहितात. सगळ्यात जास्त असेल ते सगळ्यात आधी. हे मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवते! माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे पिठूळ भुकटी, जिभेला फारशी गोड नाही, पण पोटात गेली की साखरेची चुलत बहीणसुद्धा नाही, सख्खी. त्यानंतर खजूर. आणि खाली कोष्टकात, शंभर ग्रॅमला कर्बोदकं ८१. तो ८१ मी तपासला होता. मूळ प्रतीत ८१, इथे ८१. बरोबर. खूण.

शेवटून वाचत आले होते मी. जीवनसत्त्वं, क्षार, वास, रंग… पहिले दोन शब्द सगळ्यात शेवटी आले, सुटे सुटे. माल्टोडेक्स्ट्रिन – काना, वेलांटी, जोडाक्षर, सगळं बरोबर. खजूर – बरोबर. छापा.

वीस दिवस. रोज चार चमचे. माझ्या हाताने.

मैना म्हणाली, “अगं, काय झालं? रंग उडालाय तुझा.” म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. खिडक्या बंद होत्या.

१ ऑक्टोबर, मंगळवार

डबे टाकले. घरच्या कचऱ्यात नाही – छापखान्याच्या.

ताईला म्हटलं, “पावडर संपली. दुकानातही नाहीये.” दोन वाक्यं, दोन्ही खोटी. आवाज अगदी सरळ निघाला. आमच्या घराण्यातच आहे वाटतं तो.

उद्या सांगेन. आधी आकडे बघते. कदाचित पावडरीमुळे नसेलही.

५ ऑक्टोबर, शनिवार

१७६.

पावडरीमुळेच.

सांगितलं नाही.

१० ऑक्टोबर, गुरुवार

१४१!

डॉक्टरांनी पट्टी उघडली, भिंग लावून बघितलं. जखमेच्या तळाशी लाल, ओला, जिवंत रंग. “बोट राहील,” म्हणाले. मी खुर्चीची कड घट्ट धरली. रडायला आलं.

मग ते ताईकडे वळले. “कबूल केलंत ना, निम्मी लढाई तिथेच जिंकलात. शाबास!” साठीच्या बाईला शाबास! ताईने मान हलवली. त्या क्षणी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं काय तर, “थँक्यू, डॉक्टर.”

जिन्यात काकू. “फौजदाराने चोर सरळ केला हो!” मी हसले. हसले मी! ताई माझ्या पुढे दोन पायऱ्या होती, कठडा धरून चढत. तिची पाठ दिसत होती.

कोणाचा राग करायचा आता? लेबल लिहिणाऱ्यांचा? त्यांनी सगळं छापलंय, पहिल्या ओळीत, माझ्या सहीने. महिनाभर मी काकूंवर, डॉक्टरांवर, दादावर, एका फ्रॉकवाल्या पोरीवर चरफडत होते. राग असा हाताशी तयार होता की कोणावरही ओतावा. आज तोच घेऊन बसलेय आणि ओतायला जागा एकच आहे.

सांगायचं कसं? बोट वाचलं. सगळे खूश आहेत. आता सांगून कोणाचं काय भलं होणार? – हे वाक्य लिहून वाचून बघितलं. सुलट. शी!

१२ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी घरी होते. मशीनचा आवाज नाही. बघितलं तर ताई शिवणाच्या टेबलाशी, समोर छोटी वही. तिच्या सुबक अक्षरात: ‘सकाळी ७ – चहा. ८ – पाव एक, अंडं एक. ९.१० – पाणी. ९.४० – संत्र्याची फोड, एक.’ पानंच्या पानं. आठवडाभराचं.

“हे काय गं?”

“काही नाही.” मग म्हणाली, “छोटी, आईला कळलं होतं का गं, आपण विसरतोय म्हणून? सुरुवातीला?”

आई शेवटची चार वर्षं विसरत गेली. जेवून उठायची आणि म्हणायची, मला उपाशी ठेवलंत. ताईनेच केलं तिचं सगळं. मी तेव्हा कामात होते. मी नेहमी कामात असते.

“असं का विचारतेस?”

“मी ते चॉकलेट खाल्लं नव्हतं. तू ओरडत होतीस, म्हणून हो म्हटलं. म्हटलं, मिटू दे.” ती खडूचा तुकडा बोटांत फिरवत होती. “पण मग काकू येऊन बसायला लागल्या आणि साखर उतरली. म्हणजे मी खात असणार ना? खात असणार आणि मला आठवत नाहीये. आईसारखंच.”

तिने खडू खाली ठेवला.

“दोन गिऱ्हाइकांचं कापड परत केलं. माप विसरले तर लोकांचं नुकसान. सोमवारी त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. तू सुट्टी नको घेऊस. मी जाईन एकटी. पत्ता लिहून ठेवलाय.”

आणि मी, चार अक्षरं शिकलेली, काना-मात्रेला जागणारी, रोज रात्री इथे स्वतःची उलटतपासणी घेणारी – मी काय म्हटलं? “झोप झाली नसेल नीट.”

तिने वहीत लिहिलं. ‘२.१५ – झोप नीट नाही.’

ती वही लिहीत होती, माझ्यासारखी. स्वतःवर पाळत ठेवून. हे शिकवलं मी तिला. बोट वाचवलं आणि डोकं काढून घेतलं तिचं.

भित्री. भित्री. भित्री.

१३ ऑक्टोबर, रविवार

सांगितलं. सगळं, पहिल्या चमच्यापासून.

आधी हसली. “म्हणजे मी विसरत नाहीये?” दोनदा विचारलं. दोनदा नाही म्हटलं.

मग ओरडली. माझ्या सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडली. काय काय म्हणाली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. काकू धावत आल्या, दार ठोठावलं – “काय झालं? काय झालं?” मी फटीतून म्हटलं, “काही नाही. ओरडू दे तिला.”